आंब्याचे पैसे मे महिन्यात, जर्मनीचे पैसे जुलैमध्ये : थोडक्या पैशांत परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी

मी देवगड तालुक्यातल्या एका खेड्यातली आहे. घरी हापूसची साठेक कलमे, थोडी भातशेती आणि बाबांचे छोटे किराणा दुकान आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मी मास्टर्ससाठी पूर्व जर्मनीतल्या एका मध्यम आकाराच्या शहरात आले. येण्याआधीच्या दीड वर्षात शिक्षणापेक्षा पैशांच्याच जुळवाजुळवीत माझा अधिक वेळ गेला. त्या काळात मला नीट समजावून सांगणारे कोणी भेटले नाही. जे भेटले त्यांतल्या बऱ्याच जणांना मला काहीतरी विकायचे होते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगडातून माझ्यासारख्या घरातून निघणाऱ्या मुलामुलींना तीच पायपीट पुन्हा करावी लागू नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. उदाहरण जर्मनीचे घेतले आहे, कारण तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही आणि म्हणूनच आपल्यासारख्यांना तो देश आवाक्यातला आहे. हिशेबाच्या सोयीसाठी युरो सगळीकडे शंभर रुपयांचा धरला आहे. प्रत्यक्षातला दर तुम्ही त्या त्या दिवशी पाहून घ्या.

१. आधी तारखा लिहा, मग रकमा

एकूण रक्कम ऐकूनच अनेकजण बेत सोडून देतात. माझा अनुभव असा की रक्कम कशीबशी उभी राहते, पण नेमक्या तारखेला ती खात्यात नसते आणि त्यामुळे एक अख्खे वर्ष वाया जाते. आपल्याकडे तर हे फारच खरे आहे. आंबा वाशीला जातो, दलालाची पट्टी (विक्रीच्या हिशेबाचा कागद) येते, फवारणीची उधारी आणि नेपाळी गड्यांचा पगार त्यातूनच फिटतो आणि जे उरते ते मेअखेरीस हातात पडते. जर्मनीतले हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होते आणि त्यासाठीची सर्वांत मोठी रक्कम जून ते ऑगस्टमध्ये भरावी लागते. म्हणून वहीचे एक पान घ्या आणि त्यावर पुढील क्रमाने लिहा.

आदल्या वर्षीचे ऑक्टोबर ते डिसेंबर : पासपोर्ट (साधा, ३६ पानी, १,५०० रुपये), एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रे खरी असल्याचे, १८,००० रुपये), इंग्रजीची परीक्षा (हीदेखील तेवढ्याच घरात जाते), विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्ट (सर्व सत्रांच्या गुणांचा एकत्रित उतारा).

जानेवारी ते मे : विद्यापीठांचे अर्ज. ‘युनि-असिस्ट’ या अर्ज तपासणाऱ्या जर्मन संस्थेमार्फत पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३० युरो, म्हणजे सहा अर्जांना २२५ युरो.

जून ते ऑगस्ट : ब्लॉक्ड अकाउंटचे (वर्षभराच्या जगण्याच्या खर्चाचे पैसे आधीच ठेवायचे खाते) ११,९०४ युरो आणि व्हिसाचे ७५ युरो.

सप्टेंबर : विमानाचे तिकीट आणि बरोबर न्यायचे निदान १,५०० युरो.

पहिल्या वर्षाची बेरीज चौदा-पंधरा लाखांच्या घरात जाते. आकडा मोठा दिसतो, पण त्यातले जवळजवळ बारा लाख तुमच्या नावावरच राहतात आणि दरमहा तुम्हालाच जगण्यासाठी परत मिळतात. घरी हे नीट समजावून सांगा. माझ्या आईला वाटत होते की बारा लाख रुपये जर्मन सरकार ठेवून घेते.

२. विद्यापीठ निवडताना शहराचे भाडे पाहा

शिक्षण शुल्क नाही हे सर्वत्र खरे नाही. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या राज्यात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतले जातात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून २,००० ते ६,००० युरोंपर्यंत सत्र शुल्क सुरू केले. खासगी विद्यापीठांची फी तर वेगळीच असते आणि ‘मोफत सल्ला’ देणारे अनेक एजंट नेमकी तीच नावे पुढे करतात, कारण त्यांचे कमिशन तिथून येते. सल्लागाराला एकच प्रश्न विचारा : “हे विद्यापीठ सरकारी आहे का आणि माझ्या अभ्यासक्रमाला फी किती?” उत्तर गोलमोल आले तर चहा पिऊन निघा.

फी नसेल तर खरा फरक भाड्यात पडतो. म्युनिकमध्ये एका खोलीला जे भाडे पडते त्यात केम्निट्झ, माग्देबुर्ग, इल्मेनाऊ किंवा फ्रायबेर्गसारख्या ठिकाणी खोली आणि महिन्याचे जेवण दोन्ही निघू शकते. लहान शहरात कामे कमी मिळतात हे मान्य, पण पहिल्या सहा महिन्यांत तुम्हाला काम मिळेलच असे धरून चालू नये. म्हणून माझा कौल स्वस्त शहराला आहे.

३. कागदपत्रे : एका फाइलमध्ये, एकाच स्पेलिंगमध्ये

पुढील कागद मूळ आणि स्कॅन अशा दोन्ही स्वरूपांत जमवा :

• पासपोर्ट, आधार, पॅन (पॅन नसेल तर परदेशी पैसे पाठवता येत नाहीत)
• दहावी, बारावी आणि पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र
• ट्रान्सक्रिप्ट, सीलबंद, निदान चार संच
• अभ्यासक्रमाचा तपशील (मास्टर्सच्या प्रवेशात विषयांचे क्रेडिट जुळवून पाहतात)
• दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रे
• पालकांची तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
• तारण ठेवायच्या मालमत्तेचे सर्व कागद

आपल्या भागातली बरीच महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्यामुळे ट्रान्सक्रिप्टचे काम शेवटी कालिन्याला जाऊन थांबते. रायगडातल्या अभियांत्रिकीच्या अनेक मुलांना लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाकडे आणि कृषीच्या मुलांना दापोलीला जावे लागेल. कोकणकन्येने किंवा तुतारीने रात्री निघून सकाळी मुंबई गाठायची, काम उरकायचे आणि त्याच रात्री परतायचे, असा बेत करू नका. एक दिवस हाताशी ठेवा आणि नातेवाइकांकडे मुक्कामाची सोय करूनच निघा.

सापळा नावाचा आहे. गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, पासपोर्टवर दोन वेगळे रकाने असतात, आणि आधारवर कोणी टंकलेखकाने वडिलांच्या नावात एक जादा ‘ए’ घातलेला असतो. क्रम बदललेला चालतो, स्पेलिंग बदललेले सहसा चालत नाही. पासपोर्टचा अर्ज भरतानाच दहावीच्या प्रमाणपत्रावरचे स्पेलिंग प्रमाण माना आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्या.

४. शैक्षणिक कर्ज : सातबारा, घरपट्टी आणि आत्याची सही

या पायरीवर आपल्या भागातले सर्वांत जास्त लोक अडतात, म्हणून इथे थोडे थांबते.

सरकारी बँकांच्या सर्वसाधारण योजनेत साडेसात लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. चार लाखांच्या वर गेल्यास परदेशी शिक्षणासाठी साधारण १५ टक्के रक्कम घरची दाखवावी लागते. परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होते आणि तोपर्यंत व्याज सरळ पद्धतीने चढत जाते. मुलींना अनेक सरकारी बँकांत व्याजदरात अर्धा टक्का सवलत आहे; ती मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही. ‘विद्यालक्ष्मी’ या सरकारी संकेतस्थळावरून एकाच अर्जावर अनेक बँकांकडे मागणी करता येते.

आता अडचणी. पहिली अडचण अगदी विचित्र आहे. बँकेच्या अर्जात सगळा भर फीवर असतो आणि तुमची फी शून्य असते. माझा अर्ज पाहून शाखेतल्या साहेबांनी चष्मा काढला, फीच्या रकान्यातल्या शून्यावर बोट ठेवले आणि विचारले, “फीच नाही, मग कर्ज कशाला?” फाइल परत सरकवली गेली. पुढच्या खेपेस मी जर्मन दूतावासाच्या माहितीचे पान छापून नेले, त्यातल्या ब्लॉक्ड अकाउंटच्या रकमेखाली रेघ मारली आणि ‘राहण्या-जेवण्याचा खर्च’ हाच कर्जाचा मुख्य हेतू आहे असे पत्र जोडले. तुम्ही पहिल्याच भेटीत हे दोन्ही कागद न्या. शिवाय ही रक्कम बँक थेट ब्लॉक्ड अकाउंटला पाठवेल का आणि एकरकमी पाठवेल का, हे मंजुरीपूर्वी लेखी विचारून घ्या. रक्कम सत्रागणिक हप्त्यांनी देणारी मंजुरी तुमच्या काहीच उपयोगाची नाही.

दुसरी अडचण तारणाची. साडेसात लाखांत भागत नाही, त्यामुळे पुढच्या रकमेला तारण हवे आणि आपल्याकडे जे आहे ते बँकेला नको असते. कलमांची बाग शेतजमीन असल्याने बहुतेक बँका ती शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून घेत नाहीत. राहते घर दाखवावे तर त्याची घरपट्टी आजोबांच्या नावावर, घराखालची जमीन सामाईक आणि सातबाऱ्यावर अकरा नावे. आमच्या सातबाऱ्यावरच्या अकरांपैकी चार माणसे हयात नव्हती, तीन मुंबईत होती आणि एकाचा पत्ता कोणालाच ठाऊक नव्हता.

अशा घरातून जाणाऱ्यांनी निदान दीड वर्ष आधी पुढील गोष्टी कराव्यात :

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन पंधरा रुपयांत मिळतो. तो काढा आणि ‘इतर हक्क’ हा रकाना लक्षपूर्वक वाचा. जुन्या सोसायटीच्या कर्जाचा बोजा फिटूनही तिथे तसाच राहिलेला असतो. कर्ज फिटल्याचा दाखला तलाठ्याकडे देऊन तो कमी करून घ्यावा लागतो.

मयत व्यक्तींच्या वारसांची नोंद करून घ्या. नोंद घातल्यावर हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते आणि त्यानंतर मंडळ अधिकारी ती मंजूर करतात. कागदावर हे काम महिन्याभराचे आहे. चुलत्यांच्यात बोलणे बंद असेल तर किती काळाचे, ते ज्याने त्याने ओळखावे.

घराच्या वाट्याबाबत सहहिस्सेदारांची संमती लागत असेल तर ती गणपतीत घ्या. सगळे चाकरमानी घरी असण्याचे ते एकमेव दिवस. आमच्या आत्याने गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पडवीत बसून कागद तीनदा वाचून घेतला आणि मग विचारले, “सही करतंय गो, पण घर जावचा नाय मां?” हा प्रश्न रास्त आहे. कर्ज थकले तर तारण जाऊ शकते, हे सही देणाऱ्या प्रत्येकाला स्पष्ट सांगितलेच पाहिजे.

शेवटी आमच्या घराचे तारण झालेच नाही, कारण सगळी नावे वेळेत निघाली नाहीत. काकांचा बदलापूरचा फ्लॅट तारण ठेवून काम झाले. त्रयस्थाची मालमत्ता अनेक बँका स्वीकारतात, मात्र फ्लॅटमालकाला जामीनदार म्हणून सह्या कराव्या लागतात आणि सोसायटीचे ना-हरकत पत्र लागते. मुदत ठेव, राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रे किंवा विम्याच्या पॉलिसीचे समर्पण मूल्यही (सरेंडर व्हॅल्यू) तारण म्हणून चालते. मुंबईत फ्लॅट असलेला काका नसेल तर घरातल्या जुन्या पॉलिसी बाहेर काढून पाहा.

तिसरी अडचण उत्पन्नाच्या पुराव्याची. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, म्हणून आपले पालक विवरणपत्र भरत नाहीत. बँकेला मात्र तेच हवे असते. आजपासून भरायला लागा, कर शून्य आला तरी. आंब्याच्या पट्ट्या जपून ठेवा आणि दलालाकडून पैसे रोखीने न घेता खात्यावर घ्या. तीन हंगामांच्या पट्ट्या आणि त्यांच्याशी जुळणारे पासबुक समोर ठेवल्यावर बँकेतल्या बोलण्याचा सूर बदलतो, हे मी पाहिले आहे.

मंजुरी आणि पैसे हातात येणे यांत अंतर पडले तर काही आठवड्यांपुरते सोनेतारण घेणे परवडते. स्थानिक पतसंस्थेचे मोठे कर्ज मात्र टाळा. त्यांच्या व्याजदरात परतफेड सुरू होईपर्यंतचा काळ काढणे झेपत नाही. १ एप्रिल २०२५ पासून मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठवलेल्या रकमेवर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर) कापला जात नाही, हेही ध्यानात ठेवा.

५. शिष्यवृत्त्या आणि न्यास

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. मराठा आणि कुणबी समाजासाठी ‘सारथी’मार्फत, इतर मागास प्रवर्गांसाठी, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आणि खुल्या प्रवर्गासाठीही राज्याच्या वेगवेगळ्या विभागांच्या योजना आहेत. मिळाली तर सगळाच प्रश्न सुटतो. पण या योजनांना जागतिक क्रमवारीची अट असते आणि वर सांगितलेल्या स्वस्त शहरांतली विद्यापीठे त्या मर्यादेत बसतीलच असे नाही. म्हणून सहा अर्जांपैकी निदान दोन अर्ज क्रमवारीत बसणाऱ्या विद्यापीठांचे ठेवा आणि मर्यादा त्या वर्षीच्या जाहिरातीतच पाहा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर यांच्या तारखा तपासा. जाहिरात आल्यावर सेतू केंद्रात धावणाऱ्यांची मुदत हमखास टळते.

मुंबईतल्या न्यासांकडे आपल्या भागातून फार कमी अर्ज जात असावेत असे मला वाटते. जे. एन. टाटा एन्डोमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देते. के. सी. महिंद्र ट्रस्ट आणि नरोत्तम सेखसरिया फाउंडेशन यांच्या कर्जाऊ शिष्यवृत्त्या बिनव्याजी आहेत. अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच पाहायला घ्या. मुलाखतीत “हे पैसे परत कसे कराल?” हा प्रश्न येणारच, त्याचे उत्तर आकड्यांत तयार ठेवा.

६. ब्लॉक्ड अकाउंट

तुमच्याजवळ वर्षभर जगण्याचे पैसे आहेत याचा हा पुरावा. माझ्या वेळी ११,२०८ युरो लागत होते, १ सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ झाले, म्हणजे महिना ९९२. हा आकडा बदलत राहतो, म्हणून पैसे पाठवायच्या आठवड्यात दूतावासाच्या संकेतस्थळावर पुन्हा एकदा पाहा. फिन्टिबा, एक्स्पाट्रिओ, कोराकल अशा संस्था हे खाते ऑनलाइन उघडून देतात. त्यांचे शुल्क वेगळे असते.

माझी चूक इथे झाली. मी नेमकी लागेल तेवढीच रक्कम पाठवली आणि वाटेतल्या मध्यस्थ बँकेने आपले शुल्क कापून घेतल्याने चौदा युरो कमी पोहोचले. चौदा युरोंसाठी खात्याचे पुष्टीपत्र अडले. ते चौदा युरो पुन्हा पाठवायला बँकेने हजाराहून अधिक रुपये घेतले, वर नऊ दिवस गेले. परदेशी पैसे पाठवण्याचा ए-२ अर्ज बँकेत भरताना ‘सर्व शुल्क पाठवणाऱ्याकडे’ हा पर्याय निवडा आणि वर पन्नास युरो जादा पाठवा. उरलेले परत मिळतात. तसेच गावच्या लहान शाखेतून परकीय चलन सहसा जात नाही, फाइल मोठ्या शाखेकडे जाते. जुलैच्या पावसात फोन आणि इंटरनेट दोन-दोन दिवस बंद पडतात, तेव्हा हे काम अखेरच्या आठवड्यावर ठेवू नका.

७. व्हिसा

कागद पूर्ण असतील तर यात सांगण्यासारखे फार नाही. मुलाखतीची वेळ मुंबईची घ्या आणि प्रवेशपत्र हाती येण्याआधीच बाकीची फाइल लावून ठेवा. एक गोष्ट मात्र नवी आहे : जुलै २०२५ पासून व्हिसा नाकारल्यावर दूतावासाकडे फेरविचाराचा अर्ज करण्याची सोय बंद झाली. आता नव्याने अर्ज करावा लागतो आणि तोवर सत्र निघून जाते. म्हणून हेतुपत्र (हा अभ्यासक्रम का करायचा ते सांगणारे पत्र) कोणाचे उतरवून घेऊ नका. ते वाचणाऱ्यांनी तशी शेकडो वाचलेली असतात.

८. सामान

कढई, प्रेशर कुकर, मालवणी मसाला, कुळथाचे पीठ, आमसुले, हळद, जाड रजई नको पण एक चांगली थर्मल बनियनची जोडी. तूप, पेढे, चीज, मटणाचे कोणतेही पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. ताज्या आंब्याला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते, तेव्हा पेटीचा विचारही करू नका. सुके खोबरे तेलामुळे ज्वलनशील मानतात आणि विमानतळावर काढून ठेवायला लावतात. माझ्या दोन वाट्या मुंबईतच राहिल्या. सुकट कायद्याने नेता येते, पण सहप्रवाशांचा विचार करा.

तिकीट गणपतीनंतरचे असेल तर मुंबईला यायची गाडी आधी आरक्षित करा. परतीच्या चाकरमान्यांच्या गर्दीत तीस किलोच्या बॅगेसह उभे राहणे हा काही चांगला आरंभ नव्हे.

९. पहिले सहा आठवडे

ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे उतरल्या दिवशी मिळत नाहीत. आधी राहण्याचा पत्ता, मग नगर कार्यालयात त्याची नोंद, मग जर्मन बँकेत खाते आणि त्यानंतर पहिला ९९२ युरोंचा हप्ता, अशी साखळी आहे. माझा पहिला हप्ता चौतीस दिवसांनी आला. तोपर्यंत अनामत, पहिले भाडे, सत्र वर्गणी (फी नसली तरी विद्यापीठाला दर सत्राला भरायची रक्कम) आणि जेवण हे सगळे बरोबर नेलेल्या पैशांतून भागवावे लागते. वर लिहिलेले १,५०० युरो त्यासाठी आहेत आणि त्यात कपात करू नका.

पत्त्याची नोंद घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात आणि त्यासाठी घरमालकाचे सही केलेले पत्र लागते. असे पत्र न देणारी स्वस्त खोली घेऊ नका, पुढचे सगळे अडते. विद्यार्थी वसतिगृहे ‘श्टुडिरेंडेनवेर्क’ ही संस्था चालवते. तिथे प्रवेशपत्र आल्याच्या दिवशीच अर्ज करा, कारण यादी लांब असते. “मी सध्या परदेशी आहे, अनामत पाठवा, चावी कुरिअरने पाठवतो” असे सांगणारा प्रत्येक घरमालक ठग समजा. एकालाही अपवाद करू नका.

१०. महिन्याचा खर्च

तिघांच्या सामायिक घरात राहून माझा महिना असा जातो : भाडे २९०, आरोग्य विमा १४५, खाणे १६०, मोबाइल ९, रेडिओ-टीव्ही वर्गणीचा वाटा ६, सत्र वर्गणी महिन्यांत वाटून ४०, किरकोळ ५०. हे सगळे मिळून ७०० युरो होतात आणि ९९२ मधले उरलेले हिवाळ्याचे बूट, पुस्तके, जर्मनचे वर्ग यांना लागतात.

विद्यार्थ्यांच्या दरातला सरकारी आरोग्य विमा तीस वर्षे वयापर्यंतच मिळतो. तिशीच्या पुढे असाल तर खर्चाचा आकडा बदलतो, तो आधी काढा. रेडिओ-टीव्ही वर्गणी महिना १८.३६ युरो आहे, दर घराला एक, तुमच्याकडे टीव्ही असो वा नसो. तिचे पत्र टपालाने येते. जर्मन भाषेतले कोणतेही पत्र न वाचता ड्रॉवरमध्ये टाकू नका, ही सवय इथे महाग पडते.

खाण्यात बचत आपोआप होते, कारण आपल्याला स्वयंपाक येतो. कुळथाची पिठी आणि भात हे जेवण इथे पाऊण युरोत होते आणि उणे तापमानाच्या संध्याकाळी त्याला तोड नाही. भाजी आल्डी किंवा लिडलमधून, तांदूळ-डाळ आशियाई दुकानातून दहा-दहा किलोंनी. रविवारी दुकाने बंद असतात हे पहिल्या शनिवारी आठवले तर बरे. बहुतेक प्लास्टिकच्या बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते. दुकानातल्या यंत्रात रिकामी बाटली टाकली की पावती मिळते.

११. काम

मार्च २०२४ पासून विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. पर्याय म्हणून, सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंतचे कामही धरता येते. विद्यापीठातले साहाय्यकाचे काम या मर्यादेत मोजत नाहीत, त्यामुळे प्राध्यापकांना पहिल्याच महिन्यात भेटा. किमान वेतन २०२५ मध्ये तासाला १२.८२ युरो होते, जानेवारी २०२६ पासून १३.९० आहे. महिना ६०३ युरोंपर्यंतच्या ‘मिनिजॉब’वर सहसा फारशी कपात होत नाही.

ही गणिते ऐकायला गोड वाटतात. लहान शहरात जर्मन न येणाऱ्याला मिळणारे काम म्हणजे गोदाम, स्वयंपाकघरातली भांडी किंवा पहाटेची सफाई. मला पहिले काम पाचव्या महिन्यात मिळाले, तेही घरून निघण्यापूर्वी केलेल्या ए-२ (प्राथमिक) पातळीच्या जर्मन भाषेमुळे. कोणी हातावर रोख देऊन नोंद न करता काम देत असेल तर नाही म्हणा. पकडले गेल्यास वास्तव्य परवाना अडतो आणि पगार बुडाला तर तक्रार करायला जागा राहत नाही.

१२. दुसऱ्या वर्षाची तयारी पहिल्या वर्षीच

अनेकांना वाटते की ब्लॉक्ड अकाउंट एकदाच. तसे नाही. वास्तव्य परवाना वाढवताना पुढच्या वर्षाच्या खर्चाचा पुरावा पुन्हा मागतात. नोकरीचा करार आणि तीन-चार महिन्यांच्या पगारपत्रकांनी त्यातला काही भाग भरून निघतो, उरलेल्यासाठी खात्यात रक्कम दाखवावी लागते. म्हणून कर्ज मंजूर करून घेतानाच दोन वर्षांची रक्कम मंजूर करून घ्या आणि दुसऱ्या वर्षाचा हप्ता गरज पडली तरच उचला. न उचललेल्या रकमेवर व्याज नाही. परदेशी नागरिकांच्या कार्यालयात भेटीची वेळ मिळायला महिने लागतात, तेव्हा परवाना संपण्यापूर्वी निदान तीन महिने अर्ज करा आणि अर्ज केल्याची पोच जपून ठेवा. शुल्क सुमारे शंभर युरो आहे. मी ते आणि त्या वर्षीचा बँकेचा दुसरा हप्ता दोन्ही जूनमध्ये ठरवले होते, कारण तोवर घरी पट्ट्या आलेल्या असतात आणि काकांना फोन करून बदलापूरच्या कागदांवर पुन्हा सही मागायला बाबांना संकोच वाटत नाही.